घरातल्या खोलीतलं संगीत

‘व्हायोलिन आणि पियानोची मैफल’ एवढं कानावर पडलं, की आपल्यापैकी बहुतेकजणी काय म्हणतात? “ते बाई आपल्यासाठी नाही! ते साहेबाचं संगीत. कळायचं नाही की वळायचं नाही.” नवघर रोडवर भाजीच्या पिशव्या सांभाळताना शेजारणीने असं आमंत्रण दिलं, तर आपण हसून कोथिंबिरीच्या भावाकडे वळू. पण थांबा. ज्या संगीताला आपण इतकं बिचकतो, ते मुळात घरासाठी, घरातल्या एका खोलीसाठी जन्माला आलं आहे. त्याचं नावच मुळी ‘चेंबर म्युझिक’. चेंबर म्हणजे खोली!

शंभर वादकांचा ऑर्केस्ट्रा म्हणजे लग्नघरचा स्वयंपाक. आचारी, वाढपी आणि सगळ्यांवर नजर ठेवणारा, हातात काडी घेतलेला एक मुकादम. चेंबर म्युझिक म्हणजे आपला घरचा स्वयंपाक. वादक दोन, तीन, चार, फार तर आठ-नऊ. मुकादम नाही. एकीने फोडणी घातली की दुसरीने न सांगता भाजी पुढे करावी, तसं यांचं चालतं. आणि इथे तबलाही नसतो बरं का! ताल धरून ठेवायला वेगळा माणूस नाही. एकमेकांचा श्वास, नजर आणि पहिल्या व्हायोलिनवाल्याची बारीकशी मान, एवढ्यावर सगळे एकदम सुरू होतात आणि एकदम थांबतात. म्हणून हे संगीत जितकं ऐकायचं, तितकंच बघायचंही असतं.

व्हायोलिन परकं नाही

“पण वाद्यं तर परकीच ना?” असं म्हणाल. पियानो असेल. व्हायोलिन मात्र आपण केव्हाच घरचं करून टाकलं आहे. गजाननबुवा जोशी गात उत्तम आणि व्हायोलिनही तितकंच सुरेल वाजवत. वाईला १९२२ साली जन्मलेल्या व्ही. जी. जोगांनी बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईबरोबर जुगलबंद्या केल्या. डी. के. दातारांचं व्हायोलिन तर अगदी गळ्यातून गाणं निघावं तसं. आणि एन. राजम यांनी हे वाद्य बायकांच्या हातात किती शोभतं, ते साऱ्या देशाला दाखवलं.

फरक बसण्यात आणि तारा लावण्यात. आपले वादक मांडी घालून बसतात आणि व्हायोलिनचं टोक पायावर टेकवतात. तिकडचे खुर्चीवर बसून किंवा उभे राहून ते हनुवटीखाली धरतात. आपण चार तारा सा-प-सा-प अशा लावतो. ते प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पंचमात लावतात. मैफलीच्या सुरुवातीला पियानोची एक पट्टी दाबली जाते आणि बाकीचे त्या सुराला आपापल्या तारा जुळवतात. कारण पियानोचे सूर ऐनवेळी हलवता येत नाहीत. ज्याला वळता येत नाही त्याच्याशी इतरांनी जुळवून घ्यायचं. हे आपल्याला काय नवीन आहे?

मुंबईला तर ही परंपरा जुनी आहे. मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि १९४० साली चौघांचा बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. ते सूर ऐकत वाढलेला त्यांचा मुलगा म्हणजे जगप्रसिद्ध झुबीन मेहता. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन शिकवत. त्याच मातीतले, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले आणि प्यारेलालना त्यांनी व्हायोलिन शिकवलं. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात जे नाव आपण गुणगुणलो, ते प्यारेलालनी केलेलं गुरुवंदन होतं. म्हणजे पाहा, हिंदी गाण्यांच्या मागे वाजणारी व्हायोलिनं आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडी घासताना ऐकतच आलो आहोत!

पियानोजवळची बाई

आता खरी गोष्ट सांगते. युरोपातल्या ज्या दिवाणखान्यांत हे संगीत वाढलं, तिथे पियानोवर बहुधा घरातली मुलगी किंवा सूनच बसायची. मुलीला चार धून वाजवता येणं म्हणजे लग्नाच्या बाजारातली जमेची बाजू. पण तिकीट लावून, व्यवसाय म्हणून वाजवायचं म्हटलं की भुवया वर! व्हिएन्नाच्या नामांकित फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राने बाईला रीतसर सभासद करून घेतलं ते थेट १९९७ साली.

क्लारा शुमान ही त्यातूनही उभी राहिलेली बाई. जन्म १८१९ चा, जर्मनीतल्या लाइपझिगचा. नवव्या वर्षी तिने लोकांसमोर वाजवलं. वडिलांचा कडवा विरोध होता, म्हणून कोर्टाची परवानगी मिळवून १८४० साली तिने संगीतकार रॉबर्ट शुमानशी लग्न केलं. आणि मग? नवरा रचना करायला बसला की हिचा पियानो बंद. एका घरात दोन पियानो एकदम कसे वाजणार! त्या काळात सबंध युरोपात तिचं नाव रॉबर्टपेक्षा मोठं होतं, तरी थांबायचं तिनेच.

१८४२ साली रॉबर्टने दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो आणि पियानो यांच्यासाठी एक रचना केली आणि ती क्लाराला अर्पण केली. ही ‘पियानो क्विन्टेट’ आजही जगभर वाजते. चार वर्षांनी, चार लेकरांची आई असताना, क्लारानेही पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांच्यासाठी ‘ट्रिओ’ लिहिला. १८५४ साली रॉबर्टला मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. दोन वर्षांनी तो गेला. पदरात सात मुलं. क्लाराने देशोदेशी मैफली करून त्यांना वाढवलं. बोटं थांबली नाहीत, पण नवं संगीत रचणं मात्र जवळजवळ कायमचं थांबलं. पुढे जर्मनीच्या शंभर मार्कांच्या नोटेवर तिचा चेहरा आला, मागच्या बाजूला पियानो. मान मिळाला. पण जे तिने लिहिलंच नाही, ते कोणत्या नोटेवर छापणार?

तर ही क्विन्टेट ऐकायचा योग आला तर सोडू नका. साधारण अर्ध्या तासाची, चार भागांची. पहिला भाग तडफदार. दुसरा संथ, अंत्ययात्रेच्या पावलांसारखा. तिसऱ्या भागात सरगम भराभरा चढते-उतरते. पेटी शिकताना घोटलेले अलंकार आठवतील! शेवटच्या भागात पहिल्या भागाची धून पुन्हा येते. ती ओळखता आली, तर समजा संगीत ‘कळलं’.

जायचं कसं, वागायचं कसं

नवघर म्हणजे एके काळी शेतं आणि जवळपास मिठागरं. १९८५ साली नगर परिषद झाली, २००२ साली महानगरपालिका, आणि आता जिकडेतिकडे इमारती. पण अशा मैफली मुख्यतः दक्षिण मुंबईतच होतात. तिथल्या १९६९ साली स्थापन झालेल्या एनसीपीएमध्ये २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. तिथे मोठ्या सभागृहांबरोबर शंभर-सव्वाशे खुर्च्यांचं लिटल थिएटरही आहे. खोलीतल्या संगीताला साजेशी खोलीच!

• भाईंदरहून चर्चगेटला लोकलने साधारण सव्वा तास. दोघीतिघींनी मिळून जा, म्हणजे परतताना धाकधूक नको. रात्रीचा स्वयंपाक सकाळीच उरका. नाहीतर एक दिवस घरच्यांना खिचडी टाकू दे. जमते त्यांना!

• पंधरा मिनिटं आधी पोहोचा. सुरू झाल्यावर दार बंद होतं आणि मग विराम येईपर्यंत बाहेरच उभं राहावं लागतं.

• साडी चालते, सलवार-कमीज चालते. टायची सक्ती कुणालाही नसते.

• दोन भागांमध्ये वादक क्षणभर थांबतात. तेव्हा टाळ्या वाजवायच्या नाहीत. ‘वाहवा’ही मनातच. सगळे संपवून वादक उठले की मग मनसोक्त.

• मोबाइल बंद. खोकल्याची गोळी आधीच कागदातून काढून ठेवा. त्या शांततेत कागदाची चुरचुर पार शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते.

माळ्यावरची पेटी

आणि शेवटी एक विचारू? तुमच्या माळ्यावर काय आहे? माहेरून आलेली पेटी, लग्नाआधी शिकलेलं व्हायोलिन? “फ्लॅटमध्ये रियाज कसा करणार, भिंतीपलीकडचे ओरडतात,” हे कारण क्लाराचंही होतं. उपाय आहे. व्हायोलिनच्या घोडीवर बसवायचा रबरी ‘म्यूट’ मिळतो. त्याने आवाज खूप कमी होतो. वाजवून झालं की गज सैल करा. तारांवरची राळेची पांढरी भुकटी मऊ फडक्याने पुसा. आपल्याकडे खाडीची दमट हवा, तेव्हा पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. लेकीला शिकवायचं असेल तर तिच्या हाताच्या मापाचं घ्या. पाव, अर्धं, पाऊण अशी व्हायोलिनं मिळतात. ‘वाढत्या अंगाचं’ घ्यायची आपली सवय इथे चालत नाही.

रोज वीस मिनिटं पुरेत. दुपारी घर रिकामं असतं तेव्हाची. कुणी विचारलं, “हे आता कशाला या वयात?” तर उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. तारा जुळवा आणि सुरू करा.