ऑनलाइन लिलाव आणि विक्रेत्याचा शब्द

प्रतिवर्षी संपादक मंडळाची आज्ञा होते आणि प्रतिवर्षी आम्ही धान्याच्या भावांविषयी किंवा गुदामांच्या अडचणींविषयी चार ओळी लिहून ती आज्ञा पाळतो. यंदाचा विषय थोडा निराळा आहे. ऑनलाइन लिलावात माल मांडून बोली लागल्यानंतर विक्रेत्यास सौद्यातून माघार घेता येते काय, हा तो विषय होय. आज आपल्या बहुतेक पेढ्यांवरील तरुण मंडळी जुने वजनकाटे, मोटारी, यंत्रे, रिकामे बारदान, फार काय, वाडवडिलांच्या लाकडी गाद्या आणि कपाटेसुद्धा मोबाईलवरून लिलावास लावीत असतात. तेव्हा हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येकाच्या उंबऱ्याशी येणार आहे. आमच्या उंबऱ्याशी तो दोन वर्षांपूर्वी आला आणि त्या वेळी आमचे पाऊल घसरलेही. ती हकीकत सांगितल्यावाचून पुढचे सांगण्याचा आम्हांस अधिकार पोचत नाही.

आमच्या बेळगावच्या पेढीवर धान्य साफ करण्याचे एक जुने यंत्र होते. नवे यंत्र आल्यावर जुने कोपऱ्यात जागा अडवून बसले. धाकट्या चिरंजीवांनी त्याची छायाचित्रे काढून एका संकेतस्थळावर ते लिलावास लावले. आरंभीची किंमत चाळीस हजार रुपये ठेवली. याहून कमी किमतीस विकणार नाही, असा किमान भाव लिहिण्याची सोय तेथे होती. परंतु तिला थोडे अधिक शुल्क पडत होते, म्हणून तो रकाना रिकामा सोडला. सात दिवसांची मुदत रविवारी रात्री नऊ वाजता संपली, तेव्हा सर्वांत मोठी बोली बहात्तर हजारांची होती. ती गडहिंग्लजकडील एका गिरणीवाल्याची होती. सोमवारी सकाळी गावातीलच एक परिचित व्यापारी पेढीवर आले, यंत्र फिरवून पाहिले आणि तेथल्या तेथे म्हणाले, "एक लाख पंधरा हजार देतो, आजच उचलतो."

चिरंजीव आम्हांस आत घेऊन गेले आणि म्हणाले, "बाबा, त्या गिरणीवाल्याचे पैसे अजून आलेले नाहीत. यंत्र बिघडले म्हणून कळवून टाकू. कोण पाहायला येतो आहे?"

त्यांना तेथेच थांबविणे हे आमचे कर्तव्य होते. आम्ही ते केले नाही. उलट फोन आम्हीच लावला आणि मोटर जळाली असल्याचे सांगितले. पलीकडून उत्तर आले, "असू दे शेठ. मोटर मी बसवून घेईन. पैसे कमी करा असेही म्हणत नाही. आमच्या गावात तुमच्या पेढीचे पोते येते, म्हणून तर न बघता बोली लावली." आम्ही "नंतर कळवितो" एवढेच म्हणून फोन ठेवला. चाळीस वर्षे गादीवर बसून आम्ही इतके लहान कधी झालो नव्हतो.

त्याच दिवशी दुपारी आम्ही आमच्या वकील स्नेह्यांकडे गेलो. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. कायद्याची पुस्तके आमच्या हाती नाहीत. परंतु त्यांनी जे समजावून दिले ते इतके सुबोध होते, की सभासद बंधूंच्या उपयोगासाठी येथे क्रमाने मांडतो.

आपल्या व्यापारात लिलाव नवा नाही. आजोबांच्या काळी रुमालाखाली बोटे धरून भाव ठरे, त्यास हत्ता म्हणत. त्यात कोणी किती दिले हे तिसऱ्यास कळत नसे आणि शेतकऱ्याची फसवणूक होण्यास पुष्कळ वाव राही. पुढे १९३९ चा मुंबई इलाख्याचा बाजार कायदा आला, आमचा भाग म्हैसूर राज्यात गेल्यावर १९६६ चा तिकडचा कायदा लागला आणि उघड लिलावाची रीत स्थिरावली. "एक वार, दोन वार, तीन वार" म्हटले की सौदा पक्का, हे आपल्याकडील हमालाच्या मुलासही ठाऊक असते. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या ६४ व्या कलमात हीच गोष्ट लिहिलेली आहे. हातोडा पडून किंवा रूढीप्रमाणे अन्य रीतीने लिलाव पुकारणाऱ्याने विक्री पूर्ण झाल्याचे जाहीर केले, की विक्री पुरी होते. तोपर्यंत बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो. कायद्याच्या दृष्टीने बोली हा देकार आणि तीन वार म्हणणे हा त्याचा स्वीकार. स्वीकार होईपर्यंत दोघेही मोकळे असतात, स्वीकारानंतर दोघेही बांधलेले असतात.

मग ऑनलाइन लिलावात हातोडा कोणाच्या हाती असतो? तेथे माणूस नाही, घड्याळ आहे. मुदत संपताच सर्वांत मोठी बोली विक्रेत्यावर बंधनकारक होईल, असे संकेतस्थळाच्या अटींत लिहिलेले असेल आणि त्या मान्य करून आपण माल मांडला असेल, तर घड्याळाचा काटा हाच हातोडा. कागद झाला नाही, सही झाली नाही, ही सबब येथे चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने १०अ हे कलम घातले गेले आणि ते २००९ पासून अमलात आले. केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणाने करार निरर्थक ठरणार नाही, असे ते सांगते.

परदेशांत या प्रश्नावर न्यायालयांचे निवाडे झालेले आहेत. ते आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, तथापि विचार करण्याजोगे आहेत. ऑस्ट्रेलियात एकाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एक विमान ऑनलाइन लिलावास लावले. दीड लाख डॉलरची किमान किंमत एका ग्राहकाने बरोबर भरली. इकडे विक्रेत्याने दुसऱ्याकडून एक लाख डॉलर अधिक घेण्याचे ठरविले होते, म्हणून त्याने नकार दिला. २००७ साली न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती रीन यांनी करार पुरा झाला असल्याचे ठरविले आणि विमान बोली जिंकणाऱ्यासच देण्याचा निर्णय दिला. नुकसानभरपाईवर भागविले नाही, कारण तसले विमान बाजारात सहज मिळणारी वस्तू नव्हे.

जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा निवाडा याच वळणाचा आहे. तेथे दहा मार्कांपासून बोली सुरू झालेली एक नवी मोटार २६,३५० मार्कांना सुटली. ही रक्कम तिच्या मूळ किमतीच्या निम्म्याहूनही कमी होती, तरी विक्रेता बांधला गेला. २०१४ च्या दुसऱ्या एका प्रकरणात एक युरोपासून बोली लावलेली जुनी मोटार विक्रेत्याने बाहेर परस्पर विकली आणि लिलाव मध्येच बंद केला. गाडीचे मूल्य ५,२५० युरो धरले गेले आणि त्यातून एक युरो वजा करून ५,२४९ युरो त्याला भरून द्यावे लागले. स्वस्तात सौदा मिळविण्याची संधी हेच लिलावाचे आकर्षण असते आणि किमान भाव न ठेवण्याचा धोका विक्रेत्याने आपण होऊन पत्करलेला असतो, असा त्यामागील विचार आहे.

परंतु न्याय एकाच बाजूस झुकतो असे नाही. त्याच न्यायालयाने २०११ साली असेही ठरविले, की लिलावास लावलेला कॅमेरा मुदतीत चोरीस गेला तर विक्रेत्याने लिलाव मागे घेणे योग्यच आहे; कारण अशा प्रसंगाची तरतूद संकेतस्थळाच्या नियमांत होती. सिंगापुरात २००३ साली सुमारे ३,८५४ डॉलरचे छपाई यंत्र चुकून ६६ डॉलर किमतीने संकेतस्थळावर झळकले. ती विक्री लिलावाची नव्हती, परंतु तत्त्व उपयोगी आहे. सहा जणांनी शेकड्यांनी यंत्रे मागविली. ही उघड चूक आहे हे त्यांना कळत होते, असे दिसून आल्यावर न्यायालयाने ते सौदे रद्दबातल ठरविले आणि २००५ साली अपिलातही तोच निर्णय राहिला. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे २२ वे कलम मात्र सांगते, की एकाच पक्षाची वस्तुस्थितीविषयी चूक झाली एवढ्याने करार मोडता येत नाही. तेव्हा "भाव कमी लागला" ही चूक नव्हे. तो आपला अंदाज चुकला, इतकेच.

येथे कोणी विचारील, की बाजार आवारातील ऑनलाइन लिलावात शेतकरी लागलेला भाव नाकारतो, ते कसे? प्रश्न रास्त आहे. कर्नाटकात २०१४ पासून एकीकृत बाजार व्यवस्था आली आणि १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्राचा ई-नाम सुरू झाला. या व्यवस्थांत आपण व्यापारी नमुना पाहून बोली भरतो, सर्वांत मोठी बोली जाहीर होते आणि ती पसंत नसल्यास शेतकरी नकार देऊ शकतो. यास शब्द फिरविणे म्हणत नाहीत. तो हक्क नियमांतच आहे आणि बोली भरण्यापूर्वी आपणा सर्वांस ठाऊक असतो. सरकारी लिलावांतही मंजुरीची अट असेल तर ती मिळून बोली लावणाऱ्यास कळेपर्यंत सौदा पुरा होत नाही. बिहारमधील जंगलातील बांबूच्या लिलावासंबंधी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली असेच ठरविले. या सर्वांचे सार एकच आहे. नकाराचा हक्क हवा असेल तर तो बोली सुरू होण्यापूर्वी सांगून राखून ठेवावा. भाव पाहून मग तो निर्माण करता येत नाही.

हे सर्व ऐकून आम्ही वकिलांस विचारले, "आणि तरीही माघार घेतली तर?" त्यांनी करार कायद्याच्या ७३ व्या कलमाखालील पहिले उदाहरण वाचून दाखविले. एकाने पन्नास मण सोरा ठरल्या भावाने देण्याचे कबूल केले आणि दिला नाही, तर तसाच सोरा घेण्यास त्या वेळी जो अधिक पैसा पडेल तो ग्राहकाने त्याच्याकडून घ्यावा. मग वकील हसून म्हणाले, "शेठ, तुमचे यंत्र बाजारात एक लाख पंधरा हजारांचे ठरले आणि सौदा बहात्तर हजारांचा आहे. मधले त्रेचाळीस हजार तुम्हांला माघारीने मिळायचे आहेत; तेवढेच तो गिरणीवाला तुमच्याकडून मागू शकतो. दाव्याचा खर्च निराळा. ते पैसे रविवारी रात्री नऊ वाजल्यापासून तुमचे राहिलेलेच नाहीत."

त्या गिरणीवाल्याने दावा केला असता असे आम्हांस वाटत नाही. चार पोती धान्य दळणारा माणूस बेळगावच्या न्यायालयात कशाला येईल? परंतु हेच तर आम्हांस अधिक लागले. समोरचा दुबळा आहे म्हणूनच ज्या गोष्टीचे धैर्य होते, ती गोष्ट व्यापार नव्हे. आपल्या धर्मात श्रावकाच्या व्रतांत खोटे माप आणि बनावट माल हे अतिचार मानले आहेत. जळालेली मोटर सांगून चांगले यंत्र लपविणे हा त्यांचाच भाऊबंद होय.

सायंकाळी आम्ही पुन्हा फोन केला आणि सांगितले, "मोटर शाबूत आहे. सकाळी आम्ही खोटे बोललो." पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो म्हणाला, "बरं शेठ. मग गाडी घेऊन कधी येऊ?" गुरुवारी तो टेंपो घेऊन आला. यंत्र सुरू करून दाखविले, त्याने बहात्तर हजार दिले, चहा घेतला आणि आमच्या चिरंजीवांनी स्वतः हात लावून यंत्र चढविले. सकाळच्या फोनविषयी तो एक अक्षरही बोलला नाही. गावातील व्यापाऱ्यांस आम्ही खरे कारण सांगितले; त्यांनी यंत्र दुसरीकडून घेतले.

आता सभासद बंधूंस, विशेषतः तरुण मंडळींस, थोडी व्यवहाराची सूचना. माल मांडण्यापूर्वी संकेतस्थळाच्या अटी सावकाश वाचाव्यात. लिलाव केव्हा पुरा होतो आणि मध्येच मागे घेता येतो की नाही, हे दोन मुद्दे अवश्य पाहावेत. जो भाव मनात आहे तो किमान भावाच्या रकान्यात लिहावा. त्या शुल्काची काटकसर आम्हांस त्रेचाळीस हजारांस पडली. लिलावास लावलेली वस्तू मुदत संपेपर्यंत दुकानात दुसऱ्यास दाखवू नये. वस्तू खरोखरच बिघडली वा हरवली तर तत्काळ आणि पुराव्यासह कळवावे. भाव चढविण्यासाठी मेहुण्याकडून किंवा मित्राकडून खोटी बोली लावून घेऊ नये. आधी जाहीर केल्यावाचून विक्रेत्याने स्वतः वा हस्तकाकरवी बोली लावणे त्याच ६४ व्या कलमाने गैर ठरविले आहे आणि ग्राहक अशी विक्री नाकारू शकतो.

हत्ता गेला, उघड बोली आली, आता पडद्यावरील बोली आली. साधने बदलतील तशी ती आपण शिकलीच पाहिजेत. परंतु रुमालाखाली बोट दाबले की आमचे आजोबा ज्या अर्थाने बांधले जात, त्याच अर्थाने आपण मोबाईलवर बोट टेकविताच बांधले जातो, एवढे आपल्या पेढीवरील मुलांस सांगून ठेवावे. आम्ही आमच्या चिरंजीवांस ते उशिरा सांगितले, आणि सांगण्यापूर्वी आम्हांस स्वतःस शिकावे लागले.

सर्व सभासदांस नूतन व्यापारी वर्ष सुखाचे व सचोटीच्या लाभाचे जावो, ही सदिच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.