संगणक-जाळ्यावरील सुरक्षा उपकरणाचे निरीक्षण : एसएनएमपी प्रणालीची मांडणी व इशारा-व्यवस्था

प्रस्तावना

महाविद्यालये, बँका, रुग्णालये व शासकीय कार्यालये यांचे दैनंदिन व्यवहार आज संगणक-जाळ्यावर अवलंबून आहेत. या जाळ्याच्या प्रवेशद्वारी फायरवॉल हे सुरक्षा उपकरण बसविले जाते. येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीची तपासणी ते अहोरात्र करीत असते. परंतु त्याच्या स्वतःच्या प्रकृतीची विचारपूस मात्र ते बंद पडेपर्यंत सहसा होत नाही. ही उणीव एसएनएमपी प्रणालीच्या साहाय्याने कशी दूर करता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात फोर्टिनेट कंपनीच्या फोर्टिगेट या उपकरणाच्या आधारे केले आहे.

एसएनएमपीचे स्वरूप

एसएनएमपी म्हणजे सिम्पल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल. त्याची पहिली आवृत्ती १९८८ मध्ये मांडण्यात आली. या प्रणालीत दोन पक्ष असतात. उपकरणातील ‘एजंट’ माहिती पुरवितो, तर निरीक्षण-संगणकावरील ‘मॅनेजर’ ती गोळा करतो. मोजता येणाऱ्या प्रत्येक बाबीस ओआयडी हा स्वतंत्र क्रमांक असतो व अशा क्रमांकांच्या सूचीस मिब म्हणतात. उदाहरणार्थ, फोर्टिगेटच्या स्मृतीचा, म्हणजे मेमरीचा, वापर १.३.६.१.४.१.१२३५६.१०१.४.१.४.० या क्रमांकावर मिळतो. यातील १२३५६ हा फोर्टिनेट कंपनीस दिलेला अंक होय.

माहिती दोन मार्गांनी मिळते. मॅनेजर ठरावीक अंतराने प्रश्न विचारतो, त्यास पोलिंग म्हणतात. त्यासाठी यूडीपी पोर्ट १६१ वापरले जाते. एखादी घटना घडताच एजंट आपणहून कळवितो, त्यास ट्रॅप म्हणतात. तो पोर्ट १६२ वर येतो.

मांडणीचे टप्पे

१) प्रथम उपकरणावर एजंट कार्यान्वित करावा आणि ज्या अंतर्गत इंटरफेसवर निरीक्षण-संगणक जोडलेला आहे, केवळ त्याच इंटरफेसवर एसएनएमपीस अनुमती द्यावी. इंटरनेटच्या बाजूस ही अनुमती कदापि देऊ नये.

२) आवृत्तीची निवड विचारपूर्वक करावी. पहिल्या आवृत्तीत व २सी आवृत्तीत ‘कम्युनिटी’ हा परवलीचा शब्द उघड स्वरूपात प्रवास करतो आणि अनेक ठिकाणी तो ‘पब्लिक’ असाच ठेवलेला आढळतो. २००२ मध्ये प्रमाणित झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत ओळख-पडताळणी व सांकेतिकीकरण या दोन्ही सोयी आहेत. त्या दोन्ही वापराव्यात व प्रश्न विचारणाऱ्या संगणकाचा आयपी पत्ताही निश्चित करावा.

३) उपकरणाचा मिब मॅनेजरमध्ये समाविष्ट करावा, अन्यथा येणारे अंक अर्थहीन भासतात.

४) प्रोसेसरचा भार, स्मृती, चालू सत्रांची संख्या, इंटरफेसची स्थिती व व्हीपीएन या बाबी निरीक्षणासाठी निवडाव्यात. वेगवान इंटरफेसवर ६४ बिटांचे गणक घ्यावेत. १ गिगाबिट वेगाने पूर्ण भार असता ३२ बिटांचा गणक सुमारे ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. त्यामुळे दर पाच मिनिटांनी घेतलेली नोंद फसवी ठरते.

इशाऱ्याची मर्यादा ठरविणे

इशारा केव्हा द्यावा, याचे उत्तर उपकरणाच्या वर्तनात शोधावे लागते. मूळ मांडणीनुसार फोर्टिगेटच्या स्मृतीचा वापर ८८ टक्क्यांवर पोहोचताच ते ‘कॉन्झर्व्ह मोड’ या काटकसरीच्या अवस्थेत जाते. त्या अवस्थेत, केलेल्या निवडीनुसार, काही माहिती विषाणू-तपासणीविनाच पुढे सोडली जाऊ शकते किंवा नाकारली जाऊ शकते. ९५ टक्क्यांपुढे नवीन सत्रेच नाकारली जातात. म्हणजे पहारेकरी उभा दिसतो, परंतु पहारा शिथिल झालेला असतो. स्मृतीविषयक ट्रॅपची मूळ मर्यादा ८० टक्के आहे. ८० ते ८८ यांमधील अंतर हाच व्यवस्थापकास मिळणारा अवधी होय. मात्र क्षणिक चढउतारांवर इशारे येऊ लागल्यास कर्मचारी त्यांकडे दुर्लक्ष करू लागतात. यास्तव पोलिंगमधील इशारा सलग तीन नोंदी मर्यादेबाहेर गेल्यावरच द्यावा.

इशारा पोहोचण्याचा मार्ग

ट्रॅपची पोच मिळत नाही; वाटेत हरवलेला ट्रॅप कोणासही कळत नाही. उपकरणाचा वीजपुरवठा अकस्मात खंडित झाल्यास ते ट्रॅप पाठवूच शकत नाही. म्हणून ट्रॅप न येणे हे सुस्थितीचे प्रमाण मानता येत नाही. पोलिंगला उत्तर न मिळणे हाच स्वतंत्र इशारा मानावा. उपकरण किती काळ चालू आहे हे सांगणारा अंक एकाएकी घटल्यास ते पुन्हा सुरू झाले असे बहुधा समजावे. हा गणकही सुमारे ४९७ दिवसांनी शून्यावर येतो, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी त्रुटी अधिक सूक्ष्म आहे. इशारा ई-मेलने पाठविला जात असेल आणि ते ई-मेल त्याच फायरवॉलमधून बाहेर जात असेल, तर फायरवॉल बंद पडल्याची वार्ता फायरवॉलपाशीच अडकते. यावर उपाय म्हणून निरीक्षण-संगणकास जीएसएम मोडेम जोडून एसएमएसची स्वतंत्र सोय करावी. मांडणी पूर्ण झाल्यावर चाचणी इंटरफेसची केबल काढून ट्रॅप येतो की नाही, हे पाहावे. तसेच पूर्वसूचना देऊन उपकरण थोडा वेळ बंद ठेवावे व संदेश प्रत्यक्ष मोबाइलवर येतो याची खात्री करावी.

निष्कर्ष

एसएनएमपी कार्यान्वित करणे हे काही मिनिटांचे काम आहे. परंतु तेवढ्याने निरीक्षण सिद्ध होत नाही. पोलिंग व ट्रॅप यांचा संयुक्त वापर, सुरक्षित आवृत्ती, उपकरणाच्या वर्तनावर आधारित मर्यादा आणि फायरवॉलवर विसंबून नसलेला संदेशमार्ग या चार बाबी एकत्र आल्यासच सुरक्षा उपकरणावरील विश्वास सार्थ ठरतो.