माळ रिकामा नसतो

पाटोद्याकडच्या बालाघाटाच्या माळावर मी पक्षी पाहू लागलो, तेव्हा पहिली दोन वर्षे माझ्या वहीत एक चूक सुखाने नांदत होती. एक पक्षी चिमणीएवढा, पोटाकडून काळाकुट्ट, गाल पांढुरके. दुसरा तेवढाच, पण मातकट. दोन जाती समजून मी दोन पाने भरत होतो. एकदा शेळ्या चारणाऱ्या एका आजोबांना मी ती पाने वाचून दाखवली. ते हसून म्हणाले, “नवरा-बायकूची बिऱ्हाडं येगळी कशाला मांडलीस? डोंबारी हाय त्यो.”

काळा तो नर, मातकट ती मादी. नर हवेत उंच चढतो, पंख मिटून खाली झेपावतो, जमिनीजवळ येताच पुन्हा वर उसळतो. या कसरतीवरून डोंबारी हे नाव. ज्याने ते ठेवले त्याने पक्ष्याचे वागणे पाहिले होते. मी फक्त रंग पाहत बसलो होतो.

मी पक्षिशास्त्राची पदवी घेतलेली नाही. माझे शिक्षण इथून सुरू झाले. मग ध्यानात आले, की मराठी नावेच काय पाहावे ते सांगतात. खाटीक भक्ष्य बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो. सातभाई कळपाने राहतात, एकटे क्वचितच दिसतात. टिटवी आणि पावशा ही नावे त्यांच्या आवाजातून आली. मात्र एकच नाव गावोगाव वेगळ्या पक्ष्याला लावलेले आढळते, म्हणून गावातले नाव ग्रंथाशी ताडून घ्यावे लागते. मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ मी त्यासाठी जवळ ठेवतो.

नवख्याने रंगाकडे सर्वांत शेवटी जावे. ऊन समोरून असेल तर पांढरा पक्षीही काळा दिसतो. म्हणून सकाळी सूर्य पाठीशी ठेवून उभे राहावे. आधी जागा पाहावी: पाणी, शेत, झुडूप की उघडा माळ? मग आकारमान. सालिम अली यांनी १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ या ग्रंथात चिमणी, बुलबुल, मैना, कावळा, घार अशा ओळखीच्या पक्ष्यांची मापे वापरली. ‘मैनेहून थोडा मोठा’ म्हटले की निम्मे काम होते. त्यानंतर चोच, शेपटी, चाल, उडण्याची ढब आणि आवाज. दुर्बीण ८×४० ची पुरते. पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास.

जागेचे महत्त्व टिटव्यांवरून कळते. ओढ्याकाठी ओरडते ती नेहमीची टिटवी: डोळ्यापुढे लाल मांस, काळी छाती. पाण्यापासून दूर, कोरड्या मुरमाड जमिनीवर असते ती माळटिटवी: डोक्यावर काळी टोपी, चोचीच्या बुडाशी लोंबते पिवळे मांस. ती उघड्या जमिनीवरच अंडी घालते. अंड्यांवरचे डाग असे, की शेजारचा खडा कोणता आणि अंडे कोणते हे कळू नये. पक्षी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागला, की आल्या पावली मागे फिरावे. अंडी शोधण्याच्या नादात ती पायाखाली येतात.

वहीची खरी परीक्षा झाली ती एका उन्हाळ्यात. गावाच्या पडीक माळावर झाडे लावण्यासाठी खड्डे खणायचे ठरले. हेतू चांगला होता, पण पावसाआधीचे हेच महिने माळटिटवी, धाविक आणि डोंबारी यांच्या विणीचे. मी ग्रामसभेत उठून म्हणालो, इथे पक्षी आहेत. कुणीतरी विचारले, “कुठं? किती? कधीपासून?” माझ्या वहीत नुसत्या नावांच्या याद्या होत्या. तारीख नाही, जागा नाही, संख्या नाही, घरट्याची नोंद नाही. मी खाली बसलो. खड्डे झाले. त्या बाजूला पुन्हा माळटिटवीचे घरटे मला आढळलेले नाही.

तेव्हापासून प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागेची खूण, संख्या आणि पक्षी काय करत होता हे लिहितो. ओळख पटली नाही तर नाव न लिहिता वर्णन लिहितो. दोन वर्षांनी माळाचा उरलेला तुकडा चर्चेला आला तेव्हा ती पाने सभेत वाचली. तूर्त झाडे ओढ्याकाठी लागली आहेत. सरकारी कागदावर ती जमीन अजून पडीकच आहे, म्हणून वही चालू ठेवावी लागते.

आमच्याकडची माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि त्याच दिवसांत मध्य आशियाकडून भोवत्ये माळावर उतरलेले असतात. गवतावरून अगदी खालून, पंख किंचित वर उचलून तरंगत जाणारा शिकारी पक्षी दिसला, तर तो बहुधा भोवत्या. ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस; महाराष्ट्रात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. फराळ झाला की एका सकाळी गावाबाहेरच्या माळावर जाऊन तासभर उभे राहा. सोबत वही न्या आणि पक्ष्याच्या नावाआधी तारीख लिहा.