ताणामुळे बिघडणारे कुत्र्याचे पोट
फटाक्यांचे आवाज, घरबदल, मालकाची गैरहजेरी किंवा बोर्डिंगमधला मुक्काम यांनंतर हळव्या स्वभावाच्या कुत्र्याला अचानक जुलाब होऊ शकतात. हा ताणजन्य बृहदांत्रदाह (मोठ्या आतड्याला येणारी सूज) असतो. परीक्षेच्या सकाळी एखाद्या मुलाला पुन्हा पुन्हा शौचास जावे लागते, तसेच हे घडते. ताणामुळे मोठ्या आतड्याची हालचाल वाढते आणि पाणी पुरेसे शोषले जात नाही. विष्ठा थोडी-थोडी, वारंवार होते. तिच्यात चिकट आव, कधी ताज्या रक्ताचे थेंबही दिसतात.

दोष बहुधा खाण्याला दिला जातो आणि रोज नवे अन्न देऊन पाहिले जाते. त्याने बिघाड लांबतो. दोन-तीन दिवस मऊ भात आणि मीठ-मसाला न घातलेले उकडलेले चिकन थोडे-थोडे, सतत ताजे पाणी, जेवण-फिरण्याच्या ठरलेल्या वेळा आणि लपायला शांत कोपरा, एवढ्याने बहुतेक कुत्री सावरतात. मग नेहमीचे अन्न हळूहळू सुरू करावे. माणसांची जुलाब थांबवण्याची गोळी मात्र पशुवैद्याला विचारल्याशिवाय कधीही देऊ नये. अशा गोळ्यांमधले लोपेरामाइड हे औषध कॉली जातीच्या अनेक कुत्र्यांच्या मेंदूवर घातक परिणाम करते. उलट्या, मरगळ, काळी विष्ठा किंवा बरेच रक्त दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लस न झालेल्या पिल्लाच्या जुलाबाला तर ताण समजून थांबूच नये, कारण पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची सुरुवातही जुलाबाने होऊ शकते.