हातांतील दिव्याची पारख

पावसाळा तोंडावर आला म्हणजे शहरांतील पुष्कळ घरांत एक प्रश्न हटकून निघतो : वीज गेली तर घरांतली बॅटरी चालेल ना? मग कपाटाच्या कोपऱ्यांतून ती बाहेर काढण्यांत येते आणि बहुधा असें आढळतें कीं, आंतील सेल पाझरून स्प्रिंगवर पांढरट क्षार सांचले आहेत व बटण मुळींच हालत नाहीं. तेव्हां नवी घेण्याचा बेत ठरतो. परंतु दुकानांत गेल्यावर गृहस्थ गोंधळून जातो. तेथें काळ्या ॲल्युमिनियमचे, वीतभर लांबीचे 'टॅक्टिकल टॉर्च' ओळीनें मांडलेले असतात. प्रत्येकाच्या खोक्यावर हजारों ल्युमेनची ग्वाही असते, आणि किंमती मात्र कांहीं शें रुपयांपासून कांहीं हजारांपर्यंत पसरलेल्या असतात. यांतील कोणता खरा व कोणता नुसता बोलघेवडा, हें ओळखावें कसें, याचा येथें विचार करावयाचा आहे.

'टॅक्टिकल' याचा अर्थ डावपेंचाचा, म्हणजे पोलीस व सैनिक यांच्या उपयोगाचा. हातांतील विजेच्या दिव्याचें पेटंट डेव्हिड मिसेल या संशोधकास अमेरिकेंत १० जानेवारी १८९९ रोजीं मिळालें. कागदी नळी, तींत कोरडे सेल, पुढें बल्ब व परावर्तक, एवढाच त्या दिव्याचा संसार. त्या काळचे सेल इतके दुबळे होते कीं, बल्ब क्षणभर लावून लगेच विझवावा लागे. इंग्रजींतील 'फ्लॅशलाइट', म्हणजे क्षणभर चमकणारा दिवा, हें नांव त्यावरूनच पडलें. पुढें १९७९ मध्यें कॅलिफोर्नियांतून 'मॅगलाइट' हा धातूचा भक्कम टॉर्च निघाला व पोलिसांच्या हातीं रुळला. १९८० नंतरच्या दशकांत 'श्योरफायर' कंपनीचा '६-पी' हा मुठींत मावणारा टॉर्च आला. दोन लिथियम सेल, बुडाशीं दाबाचें बटण, आणि ६५ ल्युमेनचा उजेड, तोहि तासभरच पुरणारा. आजच्या टॅक्टिकल टॉर्चचा हा जवळचा पूर्वज होय. ६५ हा आंकडा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. अंधारांत ज्या दिव्याचा झोत डोळ्यांवर येतांच समोरचा मनुष्य गांगरून जाई, त्याचा आंकडा आज खोक्यावर छापावयास विक्रेत्यास संकोच वाटेल.

हा फरक दोन शोधांनीं घडविला. पहिला, निळ्या रंगाचा उजेड देणारा एलईडी. त्यावर पिवळ्या फॉस्फराचा लेप दिला कीं पांढरा प्रकाश मिळतो. या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. दुसरा, पुनःपुन्हां भरतां येणारा लिथियम-आयन सेल. तो १९९१ मध्यें बाजारांत आला, आणि त्याच्या जनकांना २०१९ मध्यें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. या दोहोंच्या संयोगानें करंगळीहून थोड्या जाड सेलवर खोलीभर उजेड पाडणें शक्य झालें. परंतु शक्ति हातीं आली म्हणजे विवेकहि आपोआप येतो असें नाहीं. विकणारे व घेणारे दोघेहि मोठ्या आंकड्याच्या मागें लागले.

म्हणून प्रथम आंकड्यांचा अर्थ समजून घेतला पाहिजे. नळांतून एकंदर किती पाणी पडतें तें जसें एक माप, तसें दिव्यांतून सर्व दिशांनीं मिळून किती प्रकाश बाहेर पडतो, तें ल्युमेन. त्याच नळाच्या तोंडाशीं बोट धरलें तर पाणी तेवढेंच राहून चिळकांडी दूर जाते. त्याप्रमाणें झोताच्या मध्यभागीं प्रकाश किती एकवटला आहे, तें कँडेला. खोल परावर्तकाचा टॉर्च दूरवर बारीक ठिपका टाकतो, उथळ परावर्तकाचा टॉर्च जवळ रुंद उजेड पसरतो. दोहोंचे ल्युमेन सारखेच असूं शकतात. खोक्यावर झोताचा पल्ला मीटरांत दिलेला असतो. त्याचा नियम असा कीं, ज्या अंतरावर प्रकाश पाव लक्स, म्हणजे सुमारें पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तें अंतर म्हणजे पल्ला. १०,००० कँडेलांचा पल्ला २०० मीटर होतो. मात्र तो दुप्पट करावयाचा तर कँडेला चौपट, म्हणजे ४०,००० लागतात. शिवाय चांदण्याइतक्या उजेडांत माणूस कीं झुडूप हें ओळखतां येत नाहीं. यास्तव लिहिलेल्या पल्ल्याचें अर्ध करावें. तेथें प्रकाश चौपट असतो, आणि तेंच कामाचें अंतर समजावें.

याहून मोठी गोम वेळेच्या आंकड्यांत आहे. समजा, एका खोक्यावर '२००० ल्युमेन' व '५ तास' असे दोन आंकडे शेजारीं शेजारीं छापले आहेत. आंत '१८६५०' जातीचा एक सेल आहे, म्हणजे १८ मिलीमीटर जाड व ६५ मिलीमीटर लांब. चांगल्या प्रतीच्या अशा सेलमध्यें सुमारें ३ अँपिअर-तास भार मावतो; ३.६ व्होल्टांनीं गुणिलें असतां १०.८ वॅट-तास शक्ति होते. एका वॅटला १०० ल्युमेन धरले तर हा सेल १००० ल्युमेनचा उजेड जेमतेम तासभर देईल. २००० ल्युमेन पांच तास द्यावयाचे तर १०० वॅट-तास हवेत. मग छापलेलें खोटें काय? नियमाप्रमाणें तें खोटें नसेलहि. २००९ मध्यें अमेरिकेंत ठरलेल्या 'एफएल-१' या मापनपद्धतींत उजेड मोजतात तो दिवा लावल्यापासून अर्ध्या मिनिटानंतर व दोन मिनिटांच्या आंत. आणि वेळ मोजतात ती उजेड मूळच्या एक दशांशावर येईपर्यंत. दोन हजारांचा दिवा कांहीं मिनिटांत तीनशेंवर उतरून पुढें तासन् तास तेथेंच राहिला, तरी ते सर्व तास 'दोन हजारांच्या' शेजारीं लिहितां येतात. आलेख छापलेला असेल तर तो पाहावा. नसेल तर वरील गुणाकार करावा. तो चौथींतल्या मुलालाहि येतो.

उजेड असा उतरतो याचें कारण बरेंच वेळां उष्णता हें असतें. एलईडीला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेंत जातो, आणि मुठीएवढ्या धातूला ती वाऱ्यावर सोडण्यास अवधि मिळत नाहीं. चांगला टॉर्च आपलें तपमान पाहून उजेड बेताबेतानें कमी करतो. वाईट टॉर्च तापत राहतो आणि आपला एलईडी व सेल दोन्ही खराब करून घेतो. सिमल्याच्या थंडींत दहा मिनिटें टिकणारा कमाल उजेड नागपूरच्या मे महिन्यांत त्याहून फार लवकर खालीं येईल. तो दोष समजूं नये; तो दिव्याचा शहाणपणा आहे.

यावरून खऱ्या कसोटीकडे येतां येतें. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, आणि कोंकणांतील कित्येक गांवीं त्यानंतर अनेक दिवस वीज नव्हती. अशा प्रसंगीं पहिल्या रात्रीं कोणताहि दिवा उपयोगी पडतो. प्रश्न आठव्या रात्रीचा असतो. तेथें हजार ल्युमेनचा काय उपयोग? पायांपुढची वाट, चुलीवरचें पातेलें, औषधाच्या बाटलीवरचें नांव, यांना दहा ल्युमेन पुरतात. वरचाच सेल दहा ल्युमेनवर हिशेबानें शंभर तास चालेल; टॉर्चमधील यंत्रणेचा स्वतःचा खर्च वजा घातला तरी साठ तास मिळावयास हरकत नाहीं. रोज रात्रीं तीन तास धरले तर वीस रात्री. म्हणून टॉर्च घेतांना त्याचा सर्वांत मोठा उजेड पाहण्यापूर्वीं सर्वांत लहान उजेड पाहावा, आणि बटण दाबतांच तोच प्रथम लागतो किंवा कसें, हें विचारावें. अंधाराला सरावण्यास डोळ्याला अर्धा तास लागतो. मध्यरात्रीं पाणी पिण्यास उठलेल्याच्या डोळ्यांवर भिंतीवरून परतलेला हजार ल्युमेनचा झोत आला, म्हणजे तो सराव क्षणांत जातो व दिवा विझतांच माणूस आंधळ्यासारखा चांचपडतो.

टॅक्टिकल टॉर्चचे कांहीं गुण घराला फार उपयोगी आहेत. बुडाचें बटण अंधारांत अंगठ्याला न शोधतां सांपडतें. अर्धवट दाबलें तर दिवा तेवढ्यापुरता लागतो आणि सोडलें कीं विझतो. टणक लेप दिलेलें ॲल्युमिनियम पडलें तरी फुटत नाहीं. मापनपद्धतींत निदान एक मीटरवरून पाडून पाहण्याची अट आहे. पाण्यासंबंधीं 'आयपीएक्स-४' म्हणजे केवळ शिंतोडे सोसणारा, आणि 'आयपीएक्स-७' म्हणजे एक मीटर पाण्यांत अर्धा तास तग धरणारा. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला. तसल्या पाण्यांत कंबरभर चालणाऱ्यास दुसऱ्या जातीचाच टॉर्च साथ देईल. उलट डोळे दिपविणारा लुकलुकता झोत आणि तोंडावरचे दांतेरी कांठ हीं पोलिसांचीं साधनें आहेत. घरांत तीं अडचणच करतात : कांठांनीं खिसा फाटतो, आणि घाईंत चुकून तो झोत लागला म्हणजे घरचींच माणसें बावरतात.

उजेडाच्या रंगाकडे सहसा कोणी पाहत नाहीं, पण तो महत्त्वाचा आहे. सूर्यप्रकाशाला १०० मानून रंग कितपत खरे दिसतात याचा एक अंक ठरविला आहे. स्वस्त एलईडीचा तो ७० च्या आसपास असतो, उत्तम एलईडीचा ९० च्या वर. सत्तरच्या निळसर उजेडांत तांबडा व तपकिरी हे रंग फिके पडतात. विजेच्या तारांचे रंग, जखमेंतलें रक्त, आणि पाचोळ्यांत पडलेली घोणस, हीं तिन्ही ओळखावयाचीं तर रंग खरे दिसले पाहिजेत. ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. २००० ते २०१९ या काळांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावलीं असावींत, असा अंदाज २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिला आहे. मण्यार तर रात्रींच हिंडते. सुटींत गांवीं जाणाऱ्या शहरी कुटुंबानें पायांत बूट आणि हातांत टॉर्च घेतल्यावांचून रात्रीं अंगणाबाहेर पाऊल टाकूं नये, आणि झोत समोरच्या झाडांवर न टाकतां पायांपुढें चार पावलांवर ठेवावा.

सेलची निवड ही निम्मी पारख होय. '१८६५०' जातीच्या सेलवर '९९०० मिली-अँपिअर-तास' असें छापलेलें दिसलें तर तो बेलाशक परत करावा. या आकाराच्या उत्तम सेलची मजल साधारणपणें ३५०० पर्यंतच असते. सुटा सेल किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर खिशांत टाकूं नये. दोन्हीं टोकें धातूनें जोडलीं गेलीं तर तो पेट घेतो. पिशवींत टॉर्च ठेवतांना बुडाचें झांकण पाव फेरा सैल करावें, म्हणजे चुकून बटण दाबलें गेलें तरी दिवा लागत नाहीं. साधे अल्कलाइन सेल वापरणारा टॉर्च दीर्घकाळ ठेवावयाचा असेल तर सेल बाहेर काढून ठेवावे. आरंभीं सांगितलेली पांढऱ्या क्षारांची दुर्दशा त्यानें टळते.

विकत घेतल्यावर घरच्या घरीं चार कसोट्या कराव्या. पांढऱ्या भिंतीवर झोत टाकून त्यांत काळीं कडीं वा डाग नाहींत हें पाहावें. आपल्याच तळहातावर उजेड धरावा. तो निस्तेज, प्रेतवत् दिसला तर रंग वाईट समजावा. टॉर्च छताकडे तोंड करून मधल्या उजेडावर लावून ठेवावा व घड्याळ लावून, पुस्तक वाचतां येण्याइतका उजेड किती वेळ टिकतो, तें टिपून ठेवावें. आणि शेवटीं, दिवे मालवून घरांतील सर्वांत वृद्ध व सर्वांत लहान माणसाच्या हातीं तो द्यावा. त्यांना तो न सांगतां लावतां आला, तरच तो घराचा टॉर्च झाला.

कांहीं हौशी माणसें यापुढें जातात. तीं टॉर्च उघडतात, एलईडी बदलतात, आणि अंतरावरचे लक्स मोजून कँडेला काढतात. असल्या मंडळींस सहज उघडणारे टॉर्च प्रिय असतात, आणि त्यांच्या छंदानेंच पोकळ आंकड्यांचें पितळ पुष्कळदां उघडें पडलें आहे. मात्र हौशी मनुष्याला जो अतितीव्र झोत मोहवितो, तो बालकाच्या वा वाहन हांकणाराच्या डोळ्यांवर गेला तर अनर्थ करील, हें त्यानेंहि विसरूं नये.

तात्पर्य, दिव्याची योग्यता त्याच्या कमाल तेजावरून ठरवूं नये. हवा तेवढाच उजेड, हव्या त्या जागीं, हवा तितका वेळ जो देतो, आणि वर्षभर खणांत पडून राहिल्यावरहि पहिल्याच दाबाला लागतो, तो टॉर्च उत्तम. महिन्यांतून एकदां, एखाद्या ठरलेल्या तिथीस, तो लावून पाहण्याची व तीन महिन्यांनीं सेल भरून ठेवण्याची शिस्त घरांत असावी. अंधार पूर्वसूचना देऊन येत नाहीं. तयारी मात्र भरदिवसां करतां येते.