विश्लेषण : हरभऱ्यात न पेरलेले सोयाबीन का उगवते? तणनाशकाने ते का जात नाही?

परतवाडा-अचलपूर पट्ट्यात ओलिताच्या अनेक शेतांत सोयाबीन निघाले की त्याच जागी हरभरा पेरला जातो. पेरणी होते, पहिले पाणी दिले जाते आणि काही दिवसांत हरभऱ्याच्या तासांमध्ये सोयाबीनही डोके वर काढते. खरिपात ज्याने पैसे दिले, तेच पीक रब्बीत तण ठरते. हे कसे घडते आणि त्यावर कधी काय करायचे, याचा आढावा.

हे सोयाबीन येते कुठून?

मागच्या पिकातून गळलेल्या दाण्यांतून. पाने गळून शेंगा तपकिरी झाल्यावर सोंगणी लांबली, किंवा पावसानंतर कडक ऊन पडले, की शेंगा तडकतात. काही दाणे सोंगणीत सांडतात, काही हार्वेस्टरमधून सुटतात. जिथे गंजी लावली आणि जिथे मळणीयंत्र उभे होते, तिथे दाण्यांचा सडाच असतो. कुटारासोबतही दाणे शेतभर पसरतात.

सोयाबीनच्या बियाण्याला फारशी सुप्तावस्था नसते. ओल मिळाली की चार-सहा दिवसांत ते उगवते. जमीन कोरडी असेल तर मात्र दाणे पडून राहतात आणि हरभऱ्याला दिलेल्या पहिल्या पाण्यावर उगवतात. पेरणीवेळी स्वच्छ दिसणाऱ्या शेतात नंतर सोयाबीन दिसते ते यामुळे.

नुकसान खरेच मोठे आहे का?

हिशेब करून पाहू. सोयाबीनच्या १०० दाण्यांचे वजन साधारण १२ ग्रॅम धरले, तर एकरी २० किलो गळ म्हणजे सुमारे १ लाख ६७ हजार दाणे. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये ४१ दाणे. हरभरा ३० बाय १० सेंटीमीटरवर पेरला, तर चौरस मीटरमध्ये त्याची झाडे असतात ३३. गळलेल्यांपैकी निम्मे दाणे उगवले, तरी ३३ हरभऱ्यांमागे २० सोयाबीन उभे राहते.

ही झाडे पाणी आणि अन्नद्रव्ये खातात, पण हाती काही देत नाहीत. सोयाबीन हे लहान दिवसाचे पीक. हिवाळ्यात ते बुटके असतानाच फुलोऱ्यात येते आणि शेंगा मोजक्याच लागतात. वऱ्हाडातील थंडी त्याला मारण्याइतकी कडक नसते, त्यामुळे ते आपोआप जाईल हा भरवसा नाही. शिवाय अशी झाडे पांढऱ्या माशीला आसरा देतात, आणि हीच माशी सोयाबीनवर पिवळा मोझॅक पसरवते. २०२३च्या खरिपात या रोगाने विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीनची काय अवस्था केली, हे शेतकरी विसरलेले नाहीत.

तणनाशक का चालत नाही?

कारण दोन्ही पिके एकाच कडधान्य कुळातली. हरभऱ्यात पेरणीनंतर लगेच, उगवणीपूर्वी पेंडीमेथालिनची शिफारस केली जाते. पण तेच तणनाशक सोयाबीनमध्येही वापरले जाते, म्हणजे सोयाबीन ते सहन करते. क्विझालोफॉप इथाइल फक्त गवतवर्गीय तणांवर चालते, रुंद पानांच्या सोयाबीनला त्याने काही होत नाही. इमॅझेथापायर तर मुळात सोयाबीनमधले तणनाशक आहे. हरभऱ्यावर फवारले तर हरभऱ्यालाच इजा होते आणि सोयाबीन तसेच राहते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर पेरणीनंतर फवारणीच्या पंपात शोधण्यात अर्थ नाही. ते पेरणीआधीच शोधावे लागते.

पेरणीआधी काय करता येते?

पहिली पायरी सोंगणीची. ९० ते ९५ टक्के शेंगा तपकिरी झाल्या की थांबू नये, आणि सोंगणी सकाळच्या गारव्यात करावी. गंजी शक्यतो शेताच्या एका कडेला, ताडपत्रीवर लावावी. २०२५-२६चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. त्या भावाने एकरी २० किलो गळ म्हणजे हजार रुपयांवर माल मातीत गेला. गळ रोखणे दोन्हीकडून फायद्याचे आहे.

दुसरी पायरी गळलेले दाणे मुद्दाम उगवून घेण्याची. ओलिताची सोय असेल तर पेरणीआधी तुषार संचाने हलके पाणी द्यावे. आठवडाभरात सोयाबीन उगवते. वापसा आला की वखराची उथळ पाळी देऊन ते मोडावे आणि मग हरभरा पेरावा. यात साधारण १० ते १२ दिवस जातात. ओलिताच्या हरभऱ्याची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत करता येत असल्याने, ऑक्टोबरच्या सुरुवातीला शेत मोकळे झाले तर हे गणित बसते.

कोरडवाहू शेतात किंवा दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात हा उपाय तसाच लागू होत नाही. तिथे ओल हीच पुंजी, जादा पाळीने ती उडते. परतीच्या पावसावर दाणे उगवले असतील, तर पेरणीपूर्वीच्या एकाच पाळीत ते मोडून घ्यावेत.

तरीही उगवलेच तर?

ओळख सोपी आहे. सोयाबीनची जाड बीजपत्रे जमिनीवर येतात आणि त्यानंतर समोरासमोर दोन अंडाकृती पाने दिसतात. हरभऱ्याची बीजपत्रे जमिनीखालीच राहतात. पेरणीनंतर २० ते २५ दिवसांनी डवरणी आणि त्यानंतर निंदण, हाच उपाय. रोप बीजपत्रांच्या खालून कापले गेले पाहिजे. वरून खुडले तर बगलेतून पुन्हा फुटते. निंदणाचा खर्च आवरायचा असेल तर आधी गंजीच्या आणि मळणीच्या जागा घ्याव्यात.

हरभऱ्याऐवजी गहू पेरला तर?

तिथे फवारणीचा मार्ग आहे. गहू गवतवर्गीय असल्याने रुंद पानांच्या तणांसाठीचे मेटसल्फुरॉन मिथाइल ३० ते ३५ दिवसांनी लेबलवरील मात्रेत वापरता येते. टू-फोर-डी वापरताना मात्र शेजारी कपाशी किंवा तूर उभी नाही ना, हे पाहावे. वाऱ्याने उडालेले तुषारही कपाशीची पाने आकसवतात.

इतर देशांत काय स्थिती?

कॅनडात हाच त्रास कॅनोलाचा, म्हणजे तिकडच्या मोहरीवर्गीय तेलबियेचा आहे. नव्याने पेरलेल्या लसूणघासात मागच्या वर्षीचा कॅनोला उगवतो. त्याचे बारीक बी जमिनीत सुप्त राहून पुढची काही वर्षे उगवत राहते. सोयाबीनचे तसे नाही. एका हंगामात ते उगवते किंवा कुजते. त्यामुळे एकदा नीट मोडले की प्रश्न त्या वर्षापुरता मिटतो.

पेरणीआधी अंदाज कसा घ्यावा?

शेतात पाच ठिकाणी एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखून पडलेले दाणे मोजावेत आणि सरासरी काढावी. जितके दाणे, त्याच्या निम्मे किलो ही एकरी गळ. सरासरी चार-पाच दाणे आली तर एक डवरणी आणि निंदण पुरते. ३०-४० आली, तर पेरणीची घाई न करता आधी पाणी देऊन ते उगवून घेणेच स्वस्त पडते.