साडेचार मीटरची श्रीमंती

पंचेचाळीस-पन्नास लाखांची गाडी दारात आली की मराठी घरात दोन प्रश्न ठरलेले असतात. "केवढ्याला पडली?" आणि "अ‍ॅव्हरेज किती देते?" तिसरा प्रश्न अलीकडचा, आणि तो नव्या मालकाला जरा लागतो. "एवढे पैसे मोजून एवढीशीच?"

विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. बीएमडब्ल्यूची एक्स१ बरोबर साडेचार मीटर लांब आहे. मर्सिडीजची जीएलए, ऑडीची क्यू३ आणि व्होल्वोची एक्ससी४० तिच्याहूनही थोड्या आखूड. त्याच पार्किंगमध्ये उभी असलेली महिंद्राची एक्सयूव्ही७०० जवळजवळ ४.७ मीटर भरते, सात माणसं नेते आणि निम्म्या पैशांत घरी येते. म्हणजे लहान आकाराच्या आलिशान एसयूव्हीचा मालक पैसे मोजतो ते पत्र्याचे नव्हेत. मग कशाचे? याचं उत्तर शोरूममध्ये मिळत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ते हळूहळू उलगडतं, आणि बरेचदा मालकाच्या अपेक्षेपेक्षा वेगळं निघतं.

हा वर्ग भारतात रुजून फार काळ झालेला नाही. डिसेंबर २०१० मध्ये पहिली एक्स१ इथे आली तेव्हा तिची सुरुवातीची किंमत २२ लाख होती. ऑडीची क्यू३ २०१२ मध्ये आली, जीएलए २०१४ मध्ये आणि एक्ससी४० २०१८ मध्ये. गिऱ्हाईक मात्र आधीपासून तयार होतं, आणि तेही फक्त मुंबई-पुण्यात नव्हे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादमधल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकगठ्ठा १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा झाला. त्या बातमीनंतर महागड्या गाड्यांच्या कंपन्या मराठवाड्याकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागल्या. यातल्या बऱ्याच 'जर्मन' गाड्यांची जुळणीही आपल्याच अंगणात होते. मर्सिडीजचा कारखाना २००९ पासून चाकणला आहे आणि ऑडीची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात होते. एक्स१ मात्र चेन्नईहून येते. सुटे भाग आणून इथे जोडले की आयात शुल्क तयार गाडीच्या मानानं खूपच कमी बसतं, आणि म्हणूनच या किमती निदान ऐकण्याजोग्या राहतात.

किमतीचा खरा हिशेब मात्र शोरूमच्या पाटीपुढे सुरू होतो. तिसऱ्या पिढीची एक्स१ जानेवारी २०२३ मध्ये आली, तेव्हा पेट्रोल गाडीची एक्स-शोरूम किंमत ४५.९० लाख होती. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेल गाडीला १५ टक्के एकरकमी रस्ता कर लागतो. म्हणजे पेट्रोल गाडीवर जवळजवळ सहा लाख झाले. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर हा दर २० टक्क्यांवर जातो. 'कंपनीच्या नावावर घेऊ, घसारा मिळेल' असा सल्ला देणारे मित्र हा आकडा सहसा सांगत नाहीत. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस कापला जातो. तो प्राप्तिकरात वळता करून घेता येतो, पण विवरणपत्र भरताना आठवण ठेवावी लागते. मग विमा. आणि हौस असेल तर नंबर! पुण्या-मुंबईत चारचाकीसाठी '०००१' हवा असेल तर २०२४ पासून त्याचं शासकीय शुल्कच सहा लाख झालं आहे. पेट्रोल एक्स१ च्या रस्ता करापेक्षा चार आकड्यांची पाटी महाग, हे आपल्याकडेच घडू शकतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीची रचना बदलली. त्याआधी या गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि वर उपकर मिळून बोजा ४५ ते ५० टक्क्यांवर जात असे. आता सरसकट ४० टक्के आहे. दिलासा मिळाला, तरी ऑन-रोड किमतीत सरकारचा वाटा अजूनही मोठाच आहे.

हे सगळं भरून, हार-नारळ-लिंबू होऊन, शोरूमच्या फितीसमोर फोटो काढून मालक पहिल्यांदा स्वतः गाडी चालवत रस्त्यावर येतो. पहिल्याच वळणावर इंडिकेटर द्यायला जातो आणि कोरड्या काचेवर वायपर फिरू लागतात. मारुती, ह्युंदाई, टोयोटा चालवलेल्या हाताला इंडिकेटरची दांडी उजवीकडे असण्याची सवय असते. युरोपीय गाड्यांत ती डावीकडे. जीएलएमध्ये तर उजवीकडची दांडी गिअरची. आठवडाभरात हात सुधारतो. पण घरात दुसरी गाडी जुन्या पद्धतीची असेल तर गोंधळ कायमचाच.

दुसरा धक्का सिग्नलला बसतो. गाडी थांबते आणि इंजिन बंद पडतं. नवी कोरी गाडी बंद पडली म्हणून घाबरायचं कारण नसतं. ब्रेकवरून पाय उचलताच ती पुन्हा सुरू होते. इंधन वाचवण्याची ही सोय पुण्याच्या विद्यापीठ चौकात मे महिन्यात फारशी सुखाची वाटत नाही, कारण इंजिन थांबलं की एसीचाही जोर उतरतो. ती बंद कुठून करायची हे शोधायला पडद्यावर दोन-तीन पानं उलटावी लागतात. नव्या एक्स१ मध्ये बटणं जवळजवळ संपलीच आहेत. आधीच्या बीएमडब्ल्यूंमध्ये गिअरजवळ एक गोल खुंटी असायची, रस्त्यावरची नजर न हलवता बोटांनी फिरवता येणारी. तीही काढून टाकली. एसी कमी-जास्त करायलाही पडद्याला हात लावा नाहीतर गाडीशी बोला. हा बदल सरळसरळ चुकलेला आहे. चालत्या गाडीत डोळे रस्त्यावर हवेत, याला आलिशान गाडी अपवाद कशी?

मग लक्षात येतं काय काय नाही ते. आसनातून थंड हवा सोडणारी सोय किया सेल्टॉसमध्ये २०१९ पासून आणि ह्युंदाई क्रेटामध्ये २०२० पासून मिळते. दुपटी-तिपटीच्या किमतीच्या या एक्स१ मध्ये ती नाही. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात ज्याची पाठ घामानं भिजते, त्याला यामागचं कारण पटवून देणं अवघड आहे. कारण एवढंच की या गाडीचं घर थंड युरोप आहे. तिथे आसन गरम करणारी सोय आधी मागितली जाते. भारतीय आणि कोरियन कंपन्यांनी इथल्या गिऱ्हाइकाची नाडी ओळखून सोयींची रेलचेल केली. जर्मन कंपन्यांनी पैसा दुसरीकडे घातला.

तो कुठे घातला, हे कळायला मोठा रस्ता लागतो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, जून २०२५ पासून पूर्ण खुला, आणि मोटारींसाठी वेगमर्यादा ताशी १२०. या वेगाला साध्या गाडीत वाऱ्याचा आणि टायरांचा आवाज वाढत जातो, स्टिअरिंग हलकं वाटायला लागतं आणि चालवणारा नकळत खांदे आवळून बसतो. चांगल्या जर्मन गाडीत नेमकं उलट होतं. वेग वाढतो तशी ती रस्त्याला अधिकच धरून चालते, मागे बसलेल्या आजी-आजोबांशी आवाज न चढवता बोलता येतं आणि पाच-सहा तासांनी उतरणारा माणूस शिणलेला नसतो. दाराचा भरीव आवाज, आसनाची घडण, ब्रेक दाबल्यावर सरळ रेषेत थांबणं, या कुठल्याही जाहिरातीच्या यादीत चटकन न बसणाऱ्या गोष्टी आहेत. पैसे त्यांचेच मोजलेले असतात.

गंमत म्हणजे पेट्रोल एक्स१ मध्ये दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, १३६ अश्वशक्तीचं. बिल्ला पाहून शर्यतीची स्वप्नं बघणाऱ्याचा इथे हिरमोड होतो. घाटात चार माणसं आणि सामान घेऊन ओव्हरटेक करताना त्याला १५० अश्वशक्तीच्या डिझेलची आठवण येते, कारण डिझेलचा जोर ३६० न्यूटन-मीटर आहे तर पेट्रोलचा २३०. डिझेलची अडचण निराळी. शहरात रोज चार-पाच किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीचा धूर गाळणारा फिल्टर पुरेसा तापत नाही, काजळी जळून जात नाही आणि दिवा लागतो. तेव्हा गाव-शहर करणाऱ्यानं डिझेल घ्यावी, मुलांना शाळेत सोडण्यापुरती गाडी हवी असेल तर पेट्रोल. आणि दोन्ही बाबतींत पहिले दोन हजार किलोमीटर इंजिन पिळू नये, असं कंपनीचं माहितीपुस्तकच सांगतं. तेवढा धीर नव्या मालकाजवळ क्वचितच असतो.

अ‍ॅव्हरेजच्या प्रश्नाचं उत्तरही बदललं आहे. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि त्यातलं काही इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांतलं असतं. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या मानानं सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. त्यामुळे जुन्या गाडीच्या आकड्यांशी तुलना करून नव्या गाडीला नावं ठेवणं बरोबर नाही.

खड्डे आणि गतिरोधक हा वेगळाच अध्याय. भारतीय रस्ते परिषदेच्या निकषानुसार गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आपल्या गल्लीतला गतिरोधक रात्रीत उगवतो, त्याला कसला निकष? उंची पुरते, गाडी खाली घासत नाही. पण मोठ्या चाकांवरचे कमी जाडीचे टायर प्रत्येक खड्डा मणक्यापर्यंत पोहोचवतात. टायर कापला गेला तर त्याची किंमत ऐकून दुसरा धक्का बसतो. काही गाड्यांत रन-फ्लॅट टायर असतात, हवा गेली तरी ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर चालणारे. स्टेपनी आहे की नुसती पंक्चर दुरुस्तीची पेटी, हे बुकिंगच्या आधीच डिकी उघडून पाहिलेलं बरं. २०२० पासून हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि ही पेटी दिली की स्टेपनी न देण्याची कंपन्यांना मुभा आहे.

या वर्गात सध्या सर्वांत मोठी उलथापालथ विजेच्या गाडीनं केली आहे. जानेवारी २०२५ मध्ये बीएमडब्ल्यूनं एक्स१ चं लांब केलेलं विद्युत रूप, आयएक्स१, ४९ लाखांना आणलं. दोन चाकांमधलं अंतर २.८ मीटर, म्हणजे मागच्या बाकावर पाय पसरून बसायला जागा, ६६.४ किलोवॅट-तासांची बॅटरी आणि चाचणीत ५३१ किलोमीटरचा पल्ला. प्रत्यक्षात पल्ला त्याहून कमी भरतो, हे गृहीतच धरायचं. विजेच्या गाडीवर जीएसटी पाचच टक्के. राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धीवर टोलमाफीही आहे. सोसायटीनं पार्किंगमध्ये चार्जर बसवू दिला तर आजच्या घडीला या वर्गातला हाच सर्वांत शहाणा सौदा ठरावा. नाही दिला तर नाही.

विम्याबद्दल एक गोष्ट मालकांना फार उशिरा कळते. विम्यात धरलेली गाडीची किंमत पहिल्या वर्षात १५ टक्क्यांनी आणि पाचव्या वर्षापर्यंत ५० टक्क्यांनी खाली येते. चोरी झाली किंवा गाडी पूर्ण निकामी झाली तर भरपाई त्या घटलेल्या किमतीवरच मिळते. मूळ बिलाची रक्कम देणारी जोड निराळी घ्यावी लागते. पावसाच्या पाण्यात इंजिन गेलं तर साधी पॉलिसी बहुधा हात वर करते. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्यानं इंजिन संरक्षणाची जोड टाळू नये.

मुंबईच्या विकास नियमावलीत लहान मोटारीसाठी धरलेली जागा २.३ मीटर रुंद आणि ४.५ मीटर लांब असते. एक्स१ लांबीला तिथे तंतोतंत बसते आणि आरसे धरून रुंदी दोन मीटरच्या वर जाते, म्हणजे दार पुरतं उघडायला जागा उरत नाही. म्हणून शोरूमनं ठरवलेल्या गुळगुळीत रस्त्यावरच्या दहा मिनिटांच्या फेरीवर समाधान मानू नका. चाचणीची गाडी घरी मागवा, मागे घरातली तीन माणसं बसवा, तुमच्या गल्लीतले गतिरोधक आणि सोसायटीचा उतार पार करा, आणि ती तुमच्या जागेत लावून चारही दारं उघडून बघा. चांगले विक्रेते याला नाही म्हणत नाहीत.